‘ऑर्डर’चं स्पॅनिश: एल की ला?

सॉफ्टवेअरच्या भाषांतराची फाइल उघडली की डावीकडे स्ट्रिंगचा, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या सुट्या मजकुराचा, आयडी, मधे इंग्रजी मजकूर आणि उजवीकडे स्पॅनिशसाठी रिकामा रकाना असतो. मधल्या रकान्यात कुठेतरी एकच शब्द येतो: ऑर्डर. मागेपुढे काही नाही. शब्द इतका ओळखीचा की हात लगेच टाइप करायला जातो, आणि घोळ तिथेच होतो. स्पॅनिशमध्ये या एका शब्दाला ओर्देन, पेदीदो, ओर्देनार, पेदीर, एन्कार्गो, कोमांदा, आउतो अशी उत्तरं आहेत. काही ठिकाणी तर तो शब्द सरळ गाळणं हेच बरोबर उत्तर असतं.

मराठी माणसाकडे या बाबतीत एक फुकटचं हत्यार आहे. आपण हॉटेलात ऑर्डर देतो, बदलीची ऑर्डर निघते, कोर्टाची ऑर्डर हातात पडते. पण वर्णक्रमाला किंवा कायदा-सुव्यवस्थेला मराठी बोलताना कुणी ऑर्डर म्हणत नाही. तिथे क्रम, व्यवस्था, शिस्त हेच शब्द येतात. स्पॅनिशने रेघ जवळपास याच जागी मारली आहे. ‘ओर्देन’ हा शब्द तिथे पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. रूप तेच राहतं, बदलतं फक्त आर्टिकल (नामाआधी येणारं पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’) आणि विशेषण. ‘एल ओर्देन’ म्हणजे क्रम, मांडणी, व्यवस्था, श्रेणी. ‘ला ओर्देन’ म्हणजे हुकूम, आदेश. मराठीत ‘ऑर्डर दिली’ किंवा ‘ऑर्डर निघाली’ म्हणता येत असेल तर स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी धरा. आपली ऑर्डरही स्त्रीलिंगीच आहे, त्यामुळे लक्षात राहायला सोपं. या नियमाला अपवाद आहेत, ते पुढे येतील, पण निम्म्याहून जास्त काम एवढ्यावर निघतं.

लिंग बदललं की अर्थ बदलतो ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘बराच वेळ गेला’ मधला वेळ पुल्लिंगी आणि ‘निघायची वेळ झाली’ मधली वेळ स्त्रीलिंगी, आणि दोन्हींची अदलाबदल कुठलाही मराठी माणूस करत नाही. अडचण जास्त येते ती दुसऱ्या युरोपीय भाषांवरून स्पॅनिशकडे वळलेल्यांना. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द सगळ्या अर्थांनी स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे पोर्तुगीज येणारा गोवेकर सहज ‘ला ओर्देन आल्फाबेतिका’ लिहून जातो. फ्रेंचमध्ये तो सगळ्या अर्थांनी पुल्लिंगी, म्हणून पुण्यात आधी फ्रेंच करून मग स्पॅनिशला लागलेले विद्यार्थी नेमकी उलटी चूक करतात आणि साहेबाच्या हुकुमाला ‘एल ओर्देन’ म्हणतात. बरोबर जोडी अशी: वर्णक्रम म्हणजे ‘एल ओर्देन आल्फाबेतिको’, हुकूम म्हणजे ‘ला ओर्देन’.

‘न्यू ऑर्डर’ या दोन शब्दांवर हे नीट दिसतं. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी मागणी आली असेल तर ‘नुएवो पेदीदो’. वरिष्ठांनी नवा आदेश काढला असेल तर ‘नुएवा ओर्देन’. जगाची नवी व्यवस्था असेल तर ‘नुएवो ओर्देन’. इंग्रजीत फरक शून्य आणि स्पॅनिशमध्ये तीन वेगळी उत्तरं. विशेषणाचा शेवट ‘ओ’ की ‘आ’ एवढ्यावर वाक्याचा अर्थ फिरतो.

अनेकवचनाची एक बारीक गोष्ट. एकवचनात ‘ओर्देन’वर आघातचिन्ह येत नाही, कारण शब्द ‘एन’ या अक्षराने संपतो आणि आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर आहे. अनेकवचनात ‘ओर्देनेस’ झालं की तोच आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर जातो आणि मग पहिल्या ‘ओ’वर तिरकी रेघ सक्तीची होते. मेन्यूमध्ये हा शब्द बहुतेक वेळा सुरुवातीला, म्हणजे मोठ्या अक्षरात येतो आणि रेघ तिथेच गळते. मोठ्या अक्षराला रेघ लागत नाही हा जुना गैरसमज आहे; स्पॅनिश अकादमीच्या नियमानुसार ती लागतेच.

आता त्या एकट्या शब्दाकडे परत. आधी आयडी वाचा. त्यात ‘बीटीएन’ किंवा ‘बटन’ असेल तर बहुधा क्रियापद, ‘कॉलम’ किंवा ‘लेबल’ असेल तर बहुधा नाम. मग वरच्या-खालच्या पाच-सहा ओळी बघा. शेजारी किंमत, नाव, चढता, उतरता असे शब्द असतील तर विषय क्रमाचा आहे: बटन असेल तर ‘ओर्देनार’, आकडा भरायचा रकाना असेल तर ‘ओर्देन’. शेजारी बिल, पत्ता, डिलिव्हरी असेल तर ‘पेदीदो’, आणि बटन असेल तर ‘आसेर पेदीदो’ किंवा ‘पेदीर’. स्पॅनिश बटनांवर क्रियापद सहसा मूळ रूपातच ठेवतात. ‘ऑर्डर बाय डेट’ आणि ‘ऑर्डर डेट’ या दोन ओळी तर हमखास एकमेकींत मिसळतात. पहिली आहे ‘ओर्देनार पोर फेचा’, म्हणजे तारखेनुसार लावा. दुसरी ‘फेचा देल पेदीदो’, म्हणजे मागणी नोंदवल्याची तारीख.

एवढं करूनही उलगडलं नाही तर विचारा, पण ‘संदर्भ द्या’ असं मोघम विचारू नका. त्याला उत्तर येत नाही, आणि आलं तर ‘जनरल’ असं येतं. प्रश्न असा घाला: या ओळीतली ऑर्डर म्हणजे (अ) ग्राहकाने केलेली खरेदी, (आ) यादी लावण्याचा क्रम, की (इ) यादी लावण्याचं बटन? समोरच्या डेव्हलपरला एक अक्षर टाइप करायचं असतं, त्यामुळे उत्तर येतं.

देशाचा प्रश्न याच वेळी मिटवून घ्या. फाइलवर स्पेन, मेक्सिको की ४१९ असा कोड आहे ते पाहा. ४१९ हा लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी संयुक्त राष्ट्रांनी दिलेला विभाग-क्रमांक आहे. स्पेनमध्ये दुकानातल्या खरेदीला पेदीदोच म्हणतात. लॅटिन अमेरिकेत पेदीदो सगळीकडे समजतो, पण बऱ्याच ठिकाणी स्त्रीलिंगी ‘ओर्देन’ही रुळलेला आहे. मेक्सिकोत जेवण मागवायला ‘ओर्देनार’ चालतं. तेच बटन स्पेनमधल्या माणसाला दाखवलं तर तो ते ‘नीट लावा, आवरून ठेवा’ असं वाचतो. (स्पेनमध्ये कॉम्प्युटरला ‘ओर्देनादोर’ म्हणतात, अमेरिका खंडात ‘कोम्पुतादोरा’ किंवा ‘कोम्पुतादोर’. तेव्हा एकाच स्क्रीनवर हे सगळं कुटुंब गोळा होऊ शकतं.) दोन्हीकडे एकच फाइल जाणार असेल तर पेदीदो धरावा. तो कुठेही खटकत नाही.

टूलचा दोष वेगळा. ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे आधी केलेली भाषांतरं साठवणाऱ्या संग्रहात, ‘ऑर्डर’साठी एकदा ‘पेदीदो’ साठवला गेला की पुढच्या प्रत्येक ‘ऑर्डर’ला टूल १०० टक्के मॅच दाखवतं, आणि ऑटो-प्रोपगेशन चालू असेल तर विचारल्याशिवाय भरूनही टाकतं. यादी लावायच्या बटनावर ‘पेदीदो’ दिसतो तो असा. एका शब्दाच्या ओळींसाठी हे बंद ठेवा, किंवा आजूबाजूच्या ओळी अथवा आयडी जुळला तरच मॅच धरायची अशी सेटिंग करा. गेटटेक्स्ट या भाषांतर-प्रणालीच्या पीओ फाइलमध्ये तर सारखा इंग्रजी मजकूर एकाच नोंदीत जमा होतो. डेव्हलपरने संदर्भाची वेगळी ओळ दिली नसेल तर भाषांतरकाराने कितीही डोकं चालवलं तरी दोन उत्तरं देता येत नाहीत. तिथे कोड बदलायला सांगणं हाच उपाय.

सगळ्यात महागात पडणारा प्रकार मात्र मधेच शब्द बदलण्याचा. काम अर्धं झालेलं असतं आणि ग्राहक कळवतो की आमच्या मेक्सिकोच्या ऑफिसला पेदीदोऐवजी ओर्देन हवं आहे. फाइंड-रिप्लेस मारून दोन मिनिटांत होईल असं वाटतं. मूळ वाक्य बघा:

‘सु पेदीदो फुए एन्विआदो. पुएदे रास्त्रेआर्लो आकी.’ म्हणजे: तुमची ऑर्डर पाठवली आहे, तिचा माग इथे काढता येईल.

रिप्लेसनंतर होतं ‘सु ओर्देन फुए एन्विआदो. पुएदे रास्त्रेआर्लो आकी.’ नाम स्त्रीलिंगी झालं, पण कृदंत आणि सर्वनाम पुल्लिंगीच राहिलं. हवं होतं ‘सु ओर्देन फुए एन्विआदा. पुएदे रास्त्रेआर्ला आकी.’ एका नामामागे तीन ठिकाणी हात घालावा लागतो. आणि खरी मेख पुढे आहे. ‘एल पेदीदो’चं ‘एल ओर्देन’ झालं, ‘देल पेदीदो’चं ‘देल ओर्देन’ झालं, तर स्पेलचेकर तोंडातून शब्द काढत नाही, कारण ‘एल ओर्देन’ हे स्वतंत्रपणे शुद्ध स्पॅनिशच आहे. लाल रेघ येत नाही, ग्रामर चेकरही सहसा सोडून देतो, आणि ग्राहकाला ‘क्रम रद्द झाला’ असा निरोप जातो.

म्हणून शब्द न शोधता जोड्या शोधा. आधी आर्टिकल आणि शब्दयोगी: एल, देल, आल, लोस, उन, एस्ते. मग अंत्यस्वर गळलेली रूपं: ‘निंगून पेदीदो’चं ‘निंगूना ओर्देन’, ‘प्रिमेर पेदीदो’चं ‘प्रिमेरा ओर्देन’. मग कृदंतं: कान्सेलादो, पागादो, एन्विआदो, एन्त्रेगादो. शेवटी सर्वनामं, ‘लो’ आणि ‘लोस’, आणि ही बऱ्याचदा पुढच्या ओळीत असतात जिथे पेदीदो शब्दच नसतो. स्टेटसचे सुटे शब्द तर हमखास राहून जातात: ‘कान्सल्ड’, ‘पेड’ अशा एकेकट्या ओळी, ज्या स्क्रीनवर ऑर्डरच्या शेजारी येऊन बसतात. इंग्रजीत कंसातलं व्हेरिएबल (प्रोग्राम ऐनवेळी जिथे शब्द भरतो ती जागा) आणि पुढे ‘ऑर्डर’ अशी ओळ असेल तर तीही उलटवावी लागते, कारण स्पॅनिशमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं.

विज्ञान-गणितात फारसा त्रास नाही, सगळं पुल्लिंगी. प्राण्यांच्या वर्गीकरणातला गण, ग्रीक वास्तुकलेतली डोरिक शैली, मॅट्रिक्सची कोटी, डिफरन्शियल समीकरणाचा ऑर्डर. खूण म्हणजे ‘दे प्रिमेर ओर्देन’, पहिल्या दर्जाचा. ‘प्रिमेरा ओर्देन’ लिहिलंत की पहिला हुकूम झाला. स्पॅनिश शाळांत पाठ असलेलं वाक्य ध्यानात ठेवा: ‘एल ओर्देन दे लोस फाक्तोरेस नो आल्तेरा एल प्रोदुक्तो’, गुणाकारात अवयवांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच.

कायद्याच्या कागदांत मात्र सावकाश चालावं. ‘कोर्ट ऑर्डर’ला ‘ओर्देन हुदिसियाल’ हे सुरक्षित, पण ढोबळ. स्पेनच्या २००० सालच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात न्यायाधीशाच्या निर्णयांचे तीन प्रकार आहेत: प्रोविदेन्सिया, आउतो आणि सेन्तेन्सिया. खटल्याचं कामकाज पुढे नेणारा साधा निर्देश म्हणजे प्रोविदेन्सिया, कारणं देऊन अंतरिम मुद्द्यावर दिलेला निर्णय म्हणजे आउतो, खटल्याचा निकाल म्हणजे सेन्तेन्सिया. इंग्रजीतली ‘ऑर्डर’ बरेचदा आउतोच्या जवळ जाते. स्पेनमधल्या वकिलासाठी काम असेल तर मजकूर वाचून यातलं नेमकं ठरवा, शीर्षकावर विसंबू नका. उलट दिशेने, इंग्रजीत ज्याला वॉरंट म्हणतात त्याला स्पॅनिशमध्ये ओर्देनच लागतं. झडतीचं वॉरंट स्पेनमध्ये ‘ओर्देन दे रेहिस्त्रो’, मेक्सिकोत ‘ओर्देन दे कातेओ’, इतर बऱ्याच देशांत ‘ओर्देन दे आयानामिएन्तो’. पीडितेपासून लांब राहण्याचा आदेश स्पेनमध्ये ‘ओर्देन दे आलेहामिएन्तो’, तर अमेरिकेतल्या स्पॅनिश कागदांत ‘ओर्देन दे रेस्त्रिक्सिओन’. सगळे स्त्रीलिंगी.

भारतीय कागदांत याहून वेगळी खोच असते. १९०८ च्या आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रकरणांनाच ‘ऑर्डर’ म्हटलं आहे आणि त्यांच्या पोटात ‘रूल’ येतात. मुंबईतल्या वकिलाच्या अर्जात ‘ऑर्डर ३९ रूल १’ दिसलं तर तो कोणत्याही न्यायाधीशाचा हुकूम नव्हे. तो तात्पुरत्या मनाईहुकुमाच्या तरतुदीचा पत्ता आहे. ‘ओर्देन’ असं भाषांतर करून सोडलं तर माद्रिदचा वकील तो आदेश कागदपत्रांत शोधत बसेल. पहिल्या उल्लेखाला भाषांतरकाराची टीप द्या की हा संहितेचा विभाग आहे, आणि पुढे क्रमांकासह तोच शब्द ठेवा. आणखी एक जागा म्हणजे परदेशी लवाद-निवाडे. ‘पब्लिक पॉलिसी’च्या विरुद्ध असेल तर निवाडा नाकारता येतो असं १९५८ चा न्यूयॉर्क करार म्हणतो, तिथे स्पॅनिश पाठात ‘ओर्देन पूब्लिको’ आहे. सरकारच्या धोरणाला लागणारं ‘पोलीतिका पूब्लिका’ तिथे टाकलं तर मुद्दाच हुकतो.

पैशाच्या व्यवहारात ‘ओर्देन दे कोम्प्रा’ दुतोंडी आहे: लॅटिन अमेरिकेत कंपनीची पर्चेस ऑर्डर, शेअर बाजारात खरेदीचा सौदा. स्पेनमध्ये पर्चेस ऑर्डरला बहुधा पेदीदोच. चेकवरचं ‘टू द ऑर्डर ऑफ’ म्हणजे ‘आ ला ओर्देन दे’. पोस्टाची मनीऑर्डर मात्र ‘हिरो पोस्ताल’. ओर्देनचा तिथे संबंधच नाही. ग्राहकाच्या मापाने बनवून दिलेली वस्तू ‘पोर एन्कार्गो’.

हॉटेलचं सोपं आहे. स्पेनमध्ये वेटर लिहून घेतो ती ‘कोमांदा’, गिऱ्हाईक करतो ते ‘पेदीर’. मेक्सिकन मेन्यूवर ‘ऊना ओर्देन दे ताकोस’ दिसली तर ती एक प्लेट आहे. कोलंबियातला दुकानदार ‘आ ला ओर्देन’ म्हणतो ते ‘बोला, काय देऊ?’ या अर्थी. त्याला इंग्रजीत ऑर्डर लावू नका.

वर म्हटलेले अपवाद धर्माच्या बाजूचे. ख्रिस्ती संन्याशांचे संघ आणि मानाचे किताब स्त्रीलिंगी: ला ओर्देन फ्रान्सिस्काना, ला ओर्देन दे सान्तियागो. पण पुरोहित होण्याचा संस्कार पुल्लिंगी, ‘एल साक्रामेन्तो देल ओर्देन’, आणि त्याच संस्काराच्या पायऱ्या पुन्हा स्त्रीलिंगी, ‘लास साग्रादास ओर्देनेस’. जुन्या गोव्याच्या चर्चचे माहितीफलक किंवा पुस्तिका स्पॅनिशमध्ये करायला घेतल्या की हे तिन्ही प्रकार एका पानात भेटतात. बॉम जेझूच्या बासिलिकात ज्यांचं पार्थिव आहे ते फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये नवाराच्या राज्यात जन्मले, म्हणजे स्पॅनिश वाचकाच्या घरचेच. तिथे चूक लपत नाही. १५३७ मध्ये व्हेनिसला त्यांना दीक्षा मिळाली त्याला ‘फुए ओर्देनादो’ म्हणायचं, हुकूम मिळाला असा अर्थ निघत नाही. आणि त्यांचा जेझुइट संघ, ‘सोसायटी ऑफ जीझस’, म्हणजे ‘कोम्पान्यीया दे हेसूस’.

ठरीव शब्दप्रयोगांत शब्दशः जाऊ नका. ‘इन ऑर्डर टू’ म्हणजे ‘पारा’, बस्स. ‘एन ओर्देन दे’ लिहिणं ही इंग्रजीची नक्कल आहे. सभेची विषयपत्रिका ‘एल ओर्देन देल दिया’, लष्कराचा रोजचा हुकूम ‘ला ओर्देन देल दिया’, आणि एखादी गोष्ट सर्रास चालते म्हणायचं तर ‘एस्तार आ ला ओर्देन देल दिया’, तेही स्त्रीलिंगी. सभेतला हरकतीचा मुद्दा संयुक्त राष्ट्रांच्या स्पॅनिशमध्ये ‘क्वेस्तिओन दे ओर्देन’. लिफ्टवरची ‘आउट ऑफ ऑर्डर’ पाटी ‘फ्वेरा दे सेर्विसिओ’ किंवा ‘नो फुन्सिओना’. मेक्सिकोत ‘देस्कोम्प्वेस्तो’ही चालतं. ‘फ्वेरा दे ओर्देन’ अशी पाटी लावू नये.

एकाच वाक्यात तीन ऑर्डर आल्या तर तिन्ही सांभाळायची गरज नसते. ‘कीप युअर ऑर्डर नंबर इन ऑर्डर टू चेक युअर ऑर्डर स्टेटस’ याचं चांगलं स्पॅनिश असं: ‘कोन्सेर्वे सु नूमेरो दे पेदीदो पारा कोन्सुल्तार एल एस्तादो’. पहिली पेदीदो झाली, दुसरी पारा झाली, तिसरी गेली.

फाइल परत पाठवण्याआधी ‘ओर्देन’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडचा एक शब्द आणि उजवीकडचा एक शब्द वाचा. डावीकडे आर्टिकल किंवा देल-आल, उजवीकडे विशेषण किंवा कृदंत. दोन्हींचं लिंग एक असेल तर मराठीत तिथे क्रम बसतो की ऑर्डर, ते बघा. मग ‘ओर्देनेस’ शोधून मोठ्या ‘ओ’वरच्या रेघा मोजा. मध्यम आकाराच्या फाइलला याला अर्धा तास पुरतो.